कासव घरी आणण्यापूर्वी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांवरील लेख नेमाने येतात आणि ते यावेतच. यंदा मी थोडा वेगळा विषय निवडला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या परिचयातील बऱ्याच घरांत कासवे आली. कुणी वास्तुशास्त्रात सांगितले म्हणून आणले, कुणी नातवंडांच्या हट्टापायी, तर कुणी 'कुत्र्यामांजराइतकी दगदग नाही' या समजुतीने. त्यांतील कित्येक कासवे वर्ष-दोन वर्षांत गेली, आणि ती का गेली हे त्या घरांना अखेरपर्यंत कळले नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पशुवैद्य नव्हे. परंतु २०१९ पासून आमच्या बडोद्याच्या घराच्या मागील अंगणात दोन कासवे आहेत. परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या एका कुटुंबाकडून ती आमच्याकडे आली, तेव्हा हाताच्या तळव्यावर मावत होती. आज त्यांतील मोठे जवळजवळ १८ किलोंचे आहे व मला एकट्याला उचलवत नाही. त्यांच्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

कोणते कासव?

मराठीत जमिनीवर राहणाऱ्या आणि पाण्यात राहणाऱ्या, दोन्ही प्राण्यांना आपण 'कासव' असेच म्हणतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे दोन सर्वस्वी भिन्न संसार आहेत. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा असतात, ते पोहू शकत नाही आणि खोल पाण्यात बुडून मरते. काचेच्या बाऊलमध्ये विकली जाणारी, कानाजवळ तांबडा पट्टा असलेली हिरवी पिले पाणकासवाची असतात. ती मूळची अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. पूर्ण वाढलेली मादी सुमारे ३० सेंटिमीटर लांब होते व तिला छोटे तळेच लागते. बाऊल लहान पडू लागला की लोक तिला नदीत किंवा तलावात सोडतात. जगातील अत्यंत उपद्रवी अशा १०० परकीय प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. आपल्या विश्वामित्रीत मूळची कासवे आहेत. त्यांच्या अन्नावर आणि जागेवर या पाहुण्याचे आक्रमण होऊ देणे हे पुण्यकर्म नव्हे.

दुसरा प्रश्न कायद्याचा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले देखणे स्टार कासव आपल्या गुजरातेतही रानात आढळते. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सर्वांत कडक बंदीच्या यादीतही घालण्यात आले. ते बाळगणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. 'शेतात सापडले', 'कुणी भेट दिले' या सबबी चालत नाहीत. थोडक्यात, आपल्या देशातील रानातले वा नदीतले कोणतेही कासव घरी आणू नये.

आपल्याकडे परदेशी जमिनीवरच्या कासवांपैकी प्रामुख्याने सुलकाटा पाहावयास मिळते, आणि आमची दोन्ही कासवे याच जातीची आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरील सेनेगल, माली, नायजर, चाड, सुदान हा त्यांचा मूळ प्रदेश. यांच्याविषयीही नियम आहेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा-नोंदणीची योजना आणली, तेव्हा आम्ही नोंद केली. पुढे कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि तिला अनुसरून २०२४ च्या फेब्रुवारीत नवे नियम आले. त्यांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. विक्रेता कागदपत्रे देत नसेल तर तेथून रिकाम्या हातांनी परतावे.

ज्यांना केवळ वास्तूसाठी कासव हवे आहे, त्यांना माझी विनंती की पितळेचे आणावे. ते आपल्या देवळांच्या परंपरेलाही धरून आहे, आणि त्याला ऊन, पाणी, चारा काहीही लागत नाही.

घर म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपण सस्तन प्राणी शरीराची उष्णता आतून निर्माण करतो. बाहेर १० अंश असोत वा ४० अंश, आपले पचन, आपली प्रतिकारशक्ती, आपले मूत्रपिंड ठरलेल्या तापमानातच काम करतात. कासवापाशी ही आतली शेगडी नाही. ते उन्हात जाऊन तापते व सावलीत येऊन निवते. त्याला पुरेशी ऊब मिळाली नाही तर खाल्लेला चारा पोटात तसाच पडून राहतो आणि जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते. १९७५ साली अमेरिकन शास्त्रज्ञ मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर प्रयोग केला. जंतुसंसर्ग झालेल्या सरड्यांपैकी जे उष्ण जागी होते ते अधिक तगले आणि जे थंड जागी होते ते अधिक दगावले. सरपटणाऱ्या प्राण्याला ताप 'येत' नाही, तो चालत जाऊन ताप 'आणतो', असे म्हटले तरी चालेल. त्यासाठी चालत जाण्याजोगी उबदार जागा मात्र असावी लागते.

नवजात शिशुविभागात काम केलेल्यांना हे लगेच उमगेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी इनक्युबेटर हे नुसते अंथरूण नसते. बाळाच्या शरीराला जे साधत नाही ते काम ते यंत्र करते. कासवाचे घर हे त्याचे इनक्युबेटर आहे. फरक दोन. बाळाला आपण एकाच ठरावीक तापमानात ठेवतो, तर कासवाला उष्ण, कोमट आणि शीत अशा तिन्ही जागा एकाच वेळी द्याव्या लागतात. त्यांतील कोणती केव्हा हवी हे ते स्वतः ठरवते. शिवाय बाळ काही आठवड्यांनी बाहेर येते, कासव आयुष्यभर बाहेर येत नाही.

पिलांचे घर

सुलकाटाचे पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा ४-५ सेंटिमीटरचे असते. एका पिलासाठी निदान ४ फूट लांब व २ फूट रुंद लाकडी पेटी घ्यावी. भिंती अपारदर्शक असाव्यात. काच दिसते पण अडवते, हे कासवाला उमजत नाही व ते दिवसभर तिच्यावर धडका देत राहते. तळाशी नारळाच्या भुशाचा (कोकोपीट) आणि स्वच्छ मातीचा ३-४ इंचांचा ओलसर थर द्यावा. वर्तमानपत्र किंवा नुसती वाळू वापरू नये, कारण कागद कोरडा राहतो आणि वाळू पोटात जाऊन आतडे अडते.

पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा टांगावा. त्याच्या खाली ३५ ते ३८ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश तापमान हवे. रात्रीही ते २४-२५ अंशांखाली उतरू देऊ नये. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला थर्मोस्टॅट, आणि पेटीच्या दोन्ही टोकांना तापमापक असावा. हाताने चाचपून केलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही. तापाच्या रुग्णाच्या बाबतीत तो आपण सोडून दिला, तसाच येथेही सोडावा.

प्रकाशाचा प्रश्न उष्णतेहून वेगळा आहे. कातडीतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून 'ड' जीवनसत्त्व तयार होण्यास २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-ब किरण लागतात. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला क्रियाशील रूप देतात, हा क्रम आपल्यासारखाच. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांनी बरी करून दाखवली. त्या मुलांच्या हाडांत जे घडत होते, तेच आज बंद खोलीत ठेवलेल्या कासवांच्या कवचात घडते. कवच ही काही वरून घातलेली पेटी नव्हे. बरगड्या, मणके आणि इतर हाडे जुळून ते बनते. त्यावर नखासारख्या द्रव्याचे खवले असतात आणि त्याला संवेदना असते. कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व कमी पडले की ते मऊ पडते, पाय वाकतात, आणि शेवटी प्राण्याला उभेही राहता येत नाही. म्हणून त्याला भोक पाडणे, रंगवणे, तेल चोळणे किंवा हळदकुंकू वाहणे टाळावे.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे एक तर सकाळचे थेट ऊन द्यावे, तेही सावलीची सोय ठेवून. नाही तर खास अतिनील-ब नळी दिवसाचे १२ तास लावावी. ही नळी दिसायला उजळ राहते, परंतु तिच्यातील उपयुक्त किरण कालांतराने घटतात. नवजात कावीळीच्या फोटोथेरपी दिव्यांचे तास आपण नोंदवतो ना? तशीच नोंद ठेवून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ६ ते १२ महिन्यांनी नळी बदलावी.

राहिला ओलावा. वाळवंटाच्या कडेचा प्राणी म्हणजे त्याला कोरडेपणा हवा, असा समज फार काळ होता. पाळीव पिलांच्या पाठीवर एकेका खवल्याचा मनोऱ्यासारखा उंचवटा येई, आणि त्याचा दोष अतिप्रथिनांना दिला जाई. २००३ साली व्हिएन्ना येथील वीझनर आणि इबेन या संशोधकांनी सुलकाटाच्याच पिलांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. हवा जितकी कोरडी तितके उंचवटे अधिक, आणि प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ, असे त्यांना आढळले. कारण पाहू गेल्यास साधे आहे. रानातले पिलू दिवसाचा बराच वेळ दमट बिळात घालवते. म्हणून पेटीत ७० ते ८० टक्के आर्द्रता ठेवावी, एका कोपऱ्यात ओले शेवाळ घातलेला आडोसा द्यावा, आणि रोज १५-२० मिनिटे हनुवटीपर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात पिलाला बसवावे. ओलाव्याबरोबर ऊब मात्र हवीच. ओलसर आणि थंड हवा त्याच्या फुप्फुसांना घातक ठरते, कारण त्याला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही.

आहार

सुलकाटा हा गवत चरणारा प्राणी. त्याच्या ताटात ८०-९० टक्के गवत आणि वाळला चारा असावा. हरळी, दूर्वा, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग हे सारे त्याला मानवते. लसूणघास प्रथिनयुक्त असल्याने अधूनमधूनच द्यावा, पालकही क्वचितच, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. फळे, पोळी, दूधभात, पनीर किंवा कुत्र्याचे खाद्य देऊ नये. प्रेमापोटी घातलेला पोळीचा तुकडा त्याच्या आतड्यातील जंतूंचा तोल बिघडवतो. नायट्रोजनाचा निचरा ते मुख्यत्वे युरिक आम्लाच्या रूपाने करते. त्यामुळे अतिप्रथिने आणि अपुरे पाणी यांतून त्याला मूतखडे व संधिवाताचा, म्हणजे गाउटचा, त्रास होतो. लघवीबरोबर पडणारा पांढरा भाग मऊ असावा. तो खरखरीत लागला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

कॅल्शियमसाठी परदेशी पूड मागवण्याची गरज नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन पेटीत ठेवावे. कासव हवे तेव्हा ते कुरतडते.

मोठ्या कासवाचे अंगण

आमच्या परिचयातील एका वहिनींनी मला विचारले, "भावजी, आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चालेल ना?" मी म्हणालो, "वहिनी, तीन वर्षे चालेल. पुढची साठ वर्षे कुठे ठेवाल?" गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरील महाकाय कासवे सोडली तर सुलकाटाएवढे मोठे जमिनीवरचे कासव जगात नाही. पूर्ण वाढीचे वजन ४०-५० किलो, नराचे त्याहूनही अधिक. त्याला निदान ३० फूट लांब व २० फूट रुंद मोकळी जागा लागते. भोवती २ फूट उंचीची अपारदर्शक भिंत बांधावी आणि ती जमिनीखालीही दीड-दोन फूट न्यावी, कारण हा प्राणी बीळ खणण्यात पटाईत आहे. अंगणात कण्हेर, रुई, घाणेरी, डिफेनबेकिया ही विषारी झाडे नसावीत, आणि कीटकनाशकांची फवारणी तर मुळीच नको.

बडोद्याचा उन्हाळा त्याला मानवेल असे वाटते, पण ४० अंशांपुढे तेही होरपळते. दाट सावली, चिखलाचा उथळ खड्डा आणि आत थंड राहणारे बीळ किंवा मातीने झाकलेली कोठी यांची सोय हवी. सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही. त्यामुळे थंडीत पारा १०-१२ अंशांवर उतरतो तेव्हा रात्री निजण्यासाठी हीटर लावलेली बंद खोली लागते. पावसाळ्यासाठी त्या खोलीचा ओटा उंच असावा. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हा आमच्या अंगणातही गुडघाभर पाणी होते. कासवांची खोली दोन फुटी ओट्यावर असल्यामुळे ती सुखरूप राहिली. ती पोहणारी नाहीत हे ध्यानात घेतले म्हणजे त्या ओट्याचे मोल कळते.

एक की दोन?

'एकटे कंटाळेल' म्हणून जोडी आणण्याची आपली रीत आहे. सुलकाटा मात्र स्वभावाने एकांतप्रिय आहे. एका पेटीतील दोन पिलांपैकी एक हळूहळू वरचढ होते आणि उबदार जागा व चारा अडवते. दुसरे मारामारी न करता खुरटत जाते. पिलांचे लिंग लहानपणी ओळखता येत नाही, आणि दोन्ही नर निघाले तर पुढे जिवावरच्या झुंजी होतात. आमची दोन्ही कासवे पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या पेट्यांत वाढली, आणि आज अंगणाच्या मधोमध भिंत आहे. दोन कासवे म्हणजे दोन घरे, असा हिशेब धरावा.

मुलांचे आरोग्य

आता माझ्या विषयाचे थोडेसे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. कासवाला प्रतिजैविके देऊन हे जंतू नाहीसे होत नाहीत, उलट ते औषधांना दाद देईनासे होतात. उपाय साधा आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कासवाची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, अतिवृद्ध किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेली माणसे घरात असतील तर कासव आणण्याचा बेत पुढे ढकलावा. ज्यांच्या दवाखान्यात रक्तमिश्रित जुलाब व ताप असलेले मूल येते, त्यांनी 'घरी कासव आहे का?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आजार

नाकातून फेस, सुजलेल्या पापण्या, अन्नत्याग किंवा मऊ कवच दिसल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे. असे तज्ज्ञ मोजके असल्याने त्यांचा पत्ता कासव आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. आपण वैद्यकीय मंडळी आहोत, म्हणून एक इशारा मुद्दाम देतो. घरच्या कपाटातील औषध अंदाजाने देऊ नये. आपण सहजतेने लिहून देतो ते आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेतते. औषधाचा निचराही त्याच्या शरीराच्या तापमानावर अवलंबून असतो, म्हणून आजारी कासवाला प्रथम योग्य ऊब द्यावी लागते.

आयुष्याचा हिशेब

हा सर्व खटाटोप पैशाने आणि कष्टाने साधतो. एका गोष्टीवर मात्र दोन्हींचा उपाय चालत नाही. सुलकाटा ५० वर्षांहून अधिक जगते, कित्येक ७० च्या पुढे जातात. मी ६२ वर्षांचा आहे आणि माझी कासवे अजून दहाचीही नाहीत. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत किंवा युरोपात स्थिरावली आहेत, माझीही आहेत. ती येऊन घर विकतील, भांडीकुंडी वाटून टाकतील. पण प्रत्येकी ५० किलोंची, सरकारी नोंद असलेली दोन जिवंत कासवे ती कोणाला देणार? प्राणिसंग्रहालयांत जागा असतेच असे नाही, आणि रानात किंवा नदीकाठी सोडणे म्हणजे त्यांना मारणे होय. आमच्याकडे ती कासवे आली तीही अशाच एका घराच्या स्थलांतरातून.

म्हणून मी इंदूरच्या माझ्या पुतण्याशी बोललो. त्याच्यापाशी शेत आहे आणि आवडही आहे. तो वर्षातून एकदा येऊन आठवडाभर कासवांचे सगळे स्वतः करतो, म्हणजे ओळख राहते. मृत्युपत्रात त्याचे नाव, कासवांच्या नोंदणीचा तपशील आणि त्यांच्या खर्चाची तरतूद लिहून ठेवली आहे. हे लिहिताना माझ्या सौभाग्यवतींना हसू आले होते. परंतु सही करण्यापूर्वी त्यांनीच ते कलम पुन्हा एकदा वाचून घेतले.

कासव आणण्याचा विचार असलेल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. प्रथम नियम पाहा आणि जागा मोजा. पेटी, दिवे, तापमापक लावून आठवडाभर रिकाम्या पेटीचे तापमान दोन्ही वेळा लिहून ठेवा. आपल्या पश्चात कोण, हे ठरवा. हे सारे जमले तरच कासव घरी आणा. ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांचे रविवारी सकाळी आमच्या अंगणात स्वागत आहे. दहाच्या सुमारास दोघेही ऊन खात बसलेली असतात.